काल काही झालं नाही म्हणून

28 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. त्यात 54 मजूर अडकले. 46 वाचले, 8 गेले. चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागाला हिमस्खलनाचा इशारा आदल्या संध्याकाळीच देण्यात आला होता. इशारा आणि कडा यांच्यामधली ती एक रात्र माझ्या मनातून जात नाही.

पश्चिमी झंझावात येतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. धोका मात्र बऱ्याचदा पायाखाली, आधीच पडून गेलेल्या बर्फात असतो. हे तपासायची रीत साधी आहे. उतारावर खड्डा खणायचा, फूटभर रुंद-लांब असा बर्फाचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावडं आडवं ठेवून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कधी चौथ्या-पाचव्या थापेलाच वरचा थर सुरीने कापल्यासारखा सुटून पुढे घसरतो. खाली हात घातला तर जाड्या साखरेसारखे सुटे दाणे लागतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. अशा दाण्यांवर वादळ रात्रभर नवा भार टाकतं. वारा तर समोरच्या बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर आणून रचतो. उतार 30 ते 45 अंशांचा असला, की मग एका माणसाचं वजनही पुरतं.

पण खड्डा खणण्याआधीच निकाल लागलेला असतो, असं मला वाटतं. ‘काल इथूनच गेलो, काही झालं नाही’ हे वाक्य डोंगरात सर्वांत घातक आहे. उतार सुटला नाही, एवढंच काल कळलं. तो भक्कम होता की थोडक्यात निभावलं, हे कळलं नाही. तरी आपण त्याला अनुभव म्हणतो. जितक्या वेळा निभावतं, तितकी ही समजूत पक्की होते.

म्हणून निर्णय वादळाच्या आधी, खाली ऊबेत बसून व्हायला हवा. आणि खाली उतरण्याचा हुकूम देणारं माणूस ठरलेलं हवं, कारण मजुराच्या हातात तो नसतो.

पुण्या-मुंबईहून दर हिवाळ्यात कितीतरी मुलं हिमालयात ट्रेकला जातात. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: इशारा आला तर मागे फिरायचं कोण ठरवणार? ‘वर गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर जाऊ नका.