अभ्यासिका आणि चावडी

राजकारण हा सभ्य माणसाचा प्रांत नव्हे, असे आपल्या समाजात पुष्कळदा ऐकू येते. मुलांनी शिकावे, नोकरीत स्थिरावे, रविवारी मिस्साबलीला जावे आणि निवडणूक आली की मत देऊन घरी यावे. याहून अधिक त्या चिखलात पाय घालू नये, अशी वडीलधाऱ्यांची शिकवण असते. ती केवळ भित्रेपणातून आली आहे, असे आम्ही म्हणणार नाही. संख्येने अल्प असलेल्या समाजाने अनुभवातून कमावलेले ते शहाणपण आहे. शिवाय आपले राज्य या जगाचे नाही, असे प्रभू येशूने पिलाताला सांगितल्याचा दाखलाही दिला जातो. तेव्हा प्रश्न असा आहे : ज्याचे मन प्रार्थनेत, ग्रंथांत आणि घरसंसारात रमते, त्याच्यावर लोकशाहीची चिंता वाहण्याचे नैतिक बंधन आहे काय? आणि असल्यास ती चिंता त्याने कोणासाठी वाहावी?

या प्रश्नाकडे आम्ही एका प्राध्यापकाच्या जीवनातून पाहू इच्छितो. झाक मारितँ हे नाव धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आपल्या घरांतूनही ते परिचित व्हावे. १८८२ साली पॅरिसमध्ये एका प्रॉटेस्टंट घराण्यात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठात त्यांची गाठ रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील राइसा हिच्याशी पडली. जीवनाला काही अर्थ आहे की नाही, या प्रश्नाने दोघांना इतके ग्रासले होते की, उत्तर न सापडल्यास जगायचेच नाही, असा निश्चय त्यांनी केला. १९०४ साली ते विवाहबद्ध झाले आणि १९०६ साली दोघांनीही कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आधुनिक जगाला नव्याने उलगडून दाखवणे, हे पुढे मारितँ यांचे जीवितकार्य ठरले.

१९१४ पासून ते पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवीत असत. १९२३ साली त्यांनी पॅरिसलगतच्या मदों या गावी बिऱ्हाड केले. घरात माणसे तीनच : झाक, राइसा आणि राइसाची बहीण व्हेरा. घरातच एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. प्रार्थना, अध्ययन आणि लेखन हा तेथला नित्यक्रम. रविवारी दुपारी मात्र घराचे दार सर्वांना उघडे असे. चित्रकार, कवी, विद्यार्थी, श्रद्धावंत आणि श्रद्धा हरवून बसलेले, असे नाना तऱ्हेचे लोक तेथे जमत आणि चर्चा रंगत. राइसा स्वतः कवयित्री होती. रुओ या थोर चित्रकाराशी या कुटुंबाचा जुना घरोबा होता आणि त्या सहवासातून कलेविषयी मारितँ यांचे चिंतन पिकत गेले. सुसंवाद हाच त्या घराचा विरंगुळा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा घरात राजकारण शिरले कसे? ते स्नेहीमंडळींच्या ओळखीने शिरले. ‘आक्सियों फ्रांसेज’ नावाची एक राजसत्तावादी चळवळ त्या काळी फ्रान्समध्ये जोरात होती. तिचा पुढारी शार्ल मोरास स्वतः श्रद्धाहीन होता. पण समाजाला शिस्त लावण्याचे साधन म्हणून त्याला ख्रिस्तसभा हवी होती. अनेक भाविक कॅथलिक तिच्याकडे ओढले गेले आणि मारितँ यांचाही तिच्याशी काही वर्षे संबंध राहिला. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी त्या चळवळीचा निषेध केला. तेव्हा मारितँ यांनी आपला विचार मुळापासून तपासला आणि आध्यात्मिक मूल्यांचे स्थान राजकारणाच्या वर आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध केला. यातून एक बोध घेण्यासारखा आहे. राजकारणाला आपण पुढच्या दारी अडवले, तरी ते मागच्या दाराने घरात येतेच आणि विचार न करणाऱ्या भाविकाच्या हाती कोणता ना कोणता झेंडा देऊन जाते.

खरी कसोटी पुढेच होती. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात सुमारे ७,००० धर्मगुरू आणि व्रतस्थ मारले गेले. जनरल फ्रँको याने धर्मरक्षणाची हाक दिली आणि १९३७ साली स्पेनच्या बहुतेक महागुरूंनी त्याच्या बाजूने सामूहिक पत्र काढले. त्याच वर्षी गेर्निका हे बास्क लोकांचे गाव फ्रँकोच्या जर्मन आणि इटालियन साहाय्यकांनी विमानांतून बाँब टाकून बेचिराख केले. मारितँ यांनी लेख लिहून सांगितले की, हे युद्ध पवित्र नाही. धर्मगुरूंची हत्या हे घोर पाप आहेच. परंतु धर्माचे नाव घेऊन गोरगरिबांची हत्या करणे हेही तसेच घोर पाप आहे. आपल्याच माणसांचे रक्त सांडलेले असताना आपल्याच बाजूला हे ऐकवणे किती कठीण असेल! त्यांचे अनेक कॅथलिक स्नेही दुरावले. पत्नीच्या ज्यू जन्मावरून त्यांची हेटाळणी झाली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

येथे कोणी विचारील, एका प्राध्यापकाला महागुरूंहून वेगळे बोलण्याचा अधिकार कोणी दिला? याचे उत्तर मारितँ यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दिले होते. ख्रिस्ती माणूस काही वेळा ख्रिस्तसभेच्या वतीने बोलतो. तेथे तो तिला बांधलेला असतो. परंतु नागरिक म्हणून तो वावरतो तेव्हा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर, ख्रिस्ती विवेक जागा ठेवून बोलावे. ख्रिस्तसभेला आपल्या पक्षाच्या दावणीला बांधू नये. हा भेद आपल्या धर्मग्रामांत फार उपयोगाचा आहे. कोणाला मत द्यावे, हे वेदीवरून सांगणे आम्हां धर्मगुरूंचे काम नव्हे. विचारपूर्वक आणि सर्वांच्या हिताकडे पाहून मत देणे हे मात्र प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे.

लोकशाहीवर एक जुना आक्षेप आहे की, ती डोकी मोजते आणि सत्य काही डोकी मोजून ठरत नाही. आक्षेप खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. सत्तेवर कोणी बसावे, एवढेच मतमोजणी ठरवते. माणसाची प्रतिष्ठा ती ठरवत नाही. ती मतपेटीच्या आधीची, निर्मात्याने दिलेली आहे. महायुद्धात मारितँ अमेरिकेत अडकले असताना १९४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म आणि लोकशाही यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी धर्माला लोकशाहीच्या दावणीलाही बांधले नाही. तारण कोणत्याही राजवटीत साधता येते, हे त्यांनी मान्य केले. तथापि माणसामाणसांतील समतेची ओढ हे शुभवर्तमानाने इतिहासात कालवलेले खमीर आहे, असे त्यांनी सांगितले.

१९४७ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना युनेस्कोने जगातील विचारवंतांची मते मागवली. त्या उपक्रमात मारितँ यांचा मोठा वाटा होता. हक्कांची यादी सर्वांना मान्य होऊ शकते, ती का मान्य करायची याची कारणे मात्र ज्याची त्याला, असे त्यांचे म्हणणे होते. याच विचारणेला महात्मा गांधींनीही उत्तर पाठवले. आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून आपण शिकलो की, हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, असे त्यांनी लिहिले. प्राध्यापकाने अभ्यासिकेत बसून शोधलेले सूत्र एका मातेने स्वयंपाकघरात मुलाच्या हाती ठेवले होते.

आपल्या देशातही अशा एका प्राध्यापकाचे उदाहरण आहे. कलकत्ता विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ घटनासमितीचे उपाध्यक्ष होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत राखीव जागा नसाव्यात, या १९४९ च्या निर्णयामागे त्यांचा पुढाकार होता. स्वतःच्या समाजासाठी जागा मागण्याऐवजी त्यांनी शेजाऱ्यावर विश्वास टाकला. तो विश्वास दर वेळी सार्थ ठरला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोकशाहीची चिंता म्हणजे केवळ आपल्या शाळांची, आपल्या दफनभूमीची आणि आपल्या दाखल्यांची चिंता नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून बंधन आहे, असेच आमचे उत्तर आहे. दुसऱ्यावर अन्याय झाला म्हणून आपण बोलतो काय, आणि अन्याय करणारा आपल्यातलाच असला तरीही बोलतो काय, या दोन प्रश्नांवर आपली चिंता पारखून घ्यावी. त्यासाठी सर्वांनी निवडणुकीस उभे राहण्याची गरज नाही. रविवारी मिस्सानंतर जेवणाच्या पानावर वर्तमानपत्रातील एक बातमी घ्यावी, तिची दुसरी बाजूही मुलांना शोधू द्यावी, वेगळ्या मताच्या शेजाऱ्याला घरी बोलवावे आणि ग्रामसभेची सूचना लागली की चपला घालून निघावे. जपमाळ त्याच सायंकाळी, परत आल्यावर म्हणता येते.