चंदनाचे संपुष्ट

आमच्या घरी चंदनाचे एक खोड जुन्या पेटाऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेविलेले होते. आजोबांनी ते शिरशीहून आणिले होते. सहाणेवरचे रोजचे खोड झिजून संपले की हे बाहेर काढावयाचे, अशी त्यांची योजना. लांबी हातभर, जाडी मनगटाहून अधिक. आजोबा गेले. रोजचे खोड अजून पुरतेच आहे. मुले मात्र बेळगाव, बडोदे, हैदराबाद अशी पांगली. तेव्हा दादांनी सुचविले की या खोडाच्या फळ्या पाडून देवांसाठी एक लहान संपुष्ट करावे. उद्या घर बंद करण्याची वेळ आली तर देव त्यातून नेता येतील. काकी तेवढ्यावरच उठली. जाता जाता म्हणाली, "चंदन उगाळायला असतं, खिळे मारायला नव्हे."

वरवर पाहता हा घरगुती वाद. पण जे पूजेत झिजावयाचे ते जपून ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा त्यातील प्रश्न मला काही दिवस सोडीना.

चंदनाविषयीचे आपले बोलणे फार दिवस एकाच चाकोरीतून चालत आले आहे. तो स्वतः झिजतो व दुसऱ्यास सुगंध देतो; कीर्तनकार, शाळेतील गुरुजी आणि सत्कारसमारंभातील वक्ते या तिघांचेही या एका दृष्टान्तावर निभावते. प्रत्यक्ष झाडाकडे पाहिले म्हणजे मात्र दृष्टान्त थोडा अडखळतो. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याच्या मुळांना बारीक शोषके फुटतात, ती शेजारच्या झाडांच्या मुळांना बिलगतात आणि त्यांतून पाणी व क्षार ओढून घेतात. शेजारी नसला तर रोप खुरटते. म्हणून लागवड करणारे त्याच्याजवळ आधी तूर लावतात आणि पुढे एखादे टिकाऊ झाड. ज्याला आपण दानशूर म्हणतो तो असा उसनवारीवर वाढलेला असतो. यात त्याची निंदा नाही. मला तर तो यामुळे अधिकच जवळचा वाटतो. मनुष्य जन्मतःच ऋणी, असे आपली शास्त्रे सांगत आली आहेतच. परंतु 'झिजणे हा चंदनाचा धर्म' हे काकीचे गृहीत त्यामुळे तपासून घ्यावे लागते. झाड आपणहून झिजत नाही. त्याला आपण झिजवितो.

आणि झिजविण्यापूर्वी त्याचा समूळ उच्छेद करितो. बाहेरचे पांढरे लाकूड निर्गंध, सुगंध गाभ्यात. तो गाभा धरू लागावयास दहा-बारा वर्षे आणि नीट भरावयास तीस किंवा त्याहून अधिक. तेलाचा अंश मुळांत सर्वांत जास्त, म्हणून चंदन नुसते तोडीत नाहीत, मुळासकट उपटतात. १७९२ साली टिपूने त्यास राजवृक्ष ठरविले. त्यानंतर म्हैसूर मुलुखात स्वतःच्या परसातल्या चंदनावरही मालकाचा हक्क उरला नाही. कर्नाटकात तो २००१ साली परत मिळाला. दोनशे वर्षे जे झाड आपले नव्हे, ते कोणी मायेने वाढवावे? निसर्गरक्षणाच्या जागतिक यादीत चंदनाची गणना १९९८ पासून असुरक्षित वृक्षांत होते.

इथवर आलो तेव्हा दादांचे म्हणणे मला पटू लागले होते. इतके दुर्मिळ लाकूड उगाळून संपविणे हा त्याग कसला, ही उधळणच. पण एके सकाळी काकीला सहाणेशी बसलेली पाहिली. तिच्या रोजच्या गंधाने वर्षभरात खोड किती कमी झाले हे डोळ्यांना दिसतही नाही. फळ्या पाडताना करवतीच्या एका फटीत जेवढ्या लाकडाचा भुसा होईल, तेवढे तिला कित्येक महिने पुरले असते. मग उधळण कोणाची?

शिवाय संपुष्ट चंदनाचेच कशाला? सोळाव्या शतकात देवालये पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. देव घेऊन निघालेल्यांनी हाताशी होते त्यातून ते नेले असतील. लाकडाची जात पाहावयास उसंत कोणास होती? फणसाचेही चालले असते. दादांना हे बोलून दाखविले. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "देवाला नको असेल. मला हवं आहे. आजोबांच्या हातचं काहीतरी मुलांपाशी राहू दे." उत्तर प्रामाणिक होते, आणि म्हणूनच त्यावर पुढे वाद घालता येईना.

कारागीर मिळाला तो गुडिगार घराण्यातला. सागर, सोरब, कुमठा या बाजूला चंदन कोरणारी ही घराणी. आपले पूर्वज पोर्तुगीज अमलात गोवा सोडून घाटावर आले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. काकीच्या शब्दाचा मान म्हणून खिळा वापरावयाचा नाही, हे ठरलेच होते. सरसही नको, तो कातड्या-हाडांचा. त्याने कोपऱ्यांना बोटांत बोटे गुंतवावीत तसे सांधे केले आणि बांबूच्या खुंट्या ठोकल्या. आतून रोगण लाविले नाही. रोगणाखाली वास कोंडतो. उघड्या लाकडाचाही वास हवेने हळूहळू मंदावतो, तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी काचकागद हलका फिरवा, असे त्याने सांगितले. म्हणजे जपावयाचे तर तेही थोडे झिजवूनच! काकी दाराआडून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर किंचित विजयाची छटा मला दिसली, किंवा तसा भास झाला असेल.

भुसा त्याने सांडू दिला नाही. पुडीत बांधून धुपासाठी दिला. उरलेले चार बोटांचे टोक काकीच्या हातात ठेविले. संपुष्ट आता देवघरात फळीवर आहे, अजून रिकामे. काकी त्याच्याकडे पाहत नाही. परवा मात्र रोजचे खोड बाजूस सारून ती ते टोकच उगाळीत बसली होती. देवांना गंध लावून झाले, आणि बोटाला उरलेले तिने संपुष्टाच्या झाकणाला पुसले. मी काही विचारले नाही.