पाठविणाऱ्याचा पत्ता

सापडलेले धन कोणाचे, हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचा विचार आलेला आहे. ज्याचा धनी ठाऊक नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे ठेवून द्यावे. त्या मुदतीत कोणी 'हे माझे' असे म्हणत पुढे आला, तर त्यास द्रव्याचे रूप, संख्या इत्यादी विचारावे आणि खूण पटल्यास ते त्याच्या स्वाधीन करावे. खूण सांगता न आल्यास त्या द्रव्याइतकाच दंड करावा, अशी ती व्यवस्था आहे. मुदत सरल्यावर ते द्रव्य राजाचे होते. परंतु या व्यवस्थेचे मर्म मुदतीत नाही. धनी दिसत नाही एवढ्यावरून धन बेवारशी ठरत नाही, काही काळ तरी ते परक्याचे म्हणूनच सांभाळावयाचे असते, हे तिचे मर्म आहे.

हाच प्रश्न आज एका सर्वस्वी नव्या ठिकाणी उभा राहिला आहे. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधातून बिटकॉइन या चलनाची कल्पना पुढे आली आणि जानेवारी २००९ मध्ये त्याच्या जमाखर्चाच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. ही वही कोणत्याही एका पेढीच्या स्वाधीन नाही. तिच्या हजारो प्रती जगभर ठेविल्या जातात आणि ती कोणासही वाचता येते. या चलनाचा व्यवहार ज्या साधनाने होतो त्यास वॉलेट म्हणतात. नाव पाकिटाचे असले तरी त्यात नाणी नसतात, किल्ल्या असतात. नाणी म्हणजे वहीतील नोंदी. ज्या नोंदीची किल्ली आपणापाशी, ती नोंद आपणास खर्च करता येते.

पैसे घ्यावयाचे असतील तेव्हा वॉलेट किल्लीपासून एक पत्ता तयार करते. तो अक्षरे व अंक यांची एक लांबलचक ओळ असतो. जुन्या धाटणीच्या पत्त्यांत शून्य व इंग्रजी 'ओ' यांसारखी एकमेकांशी घोटाळा होणारी चिन्हे मुद्दाम वगळली आहेत, आणि पत्त्यातच पडताळ्याचा अंश गुंफलेला असल्यामुळे एखादे अक्षर चुकल्यास वॉलेट तो पत्ता बहुधा नाकारते. नवीन रक्कम घेण्यासाठी नवीन पत्ता द्यावा, असा प्रघात आहे. २०१२ साली मांडलेल्या एका योजनेमुळे हे सारे पत्ते एकाच मुळापासून काढता येऊ लागले. ते मूळ बारा किंवा चोवीस शब्दांत लिहून ठेवता येते. पुढे पत्त्यांच्या दोन मालिका रूढ झाल्या. पहिली इतरांकडून घेण्यासाठी आणि दुसरी स्वतःचीच मोड परत घेण्यासाठी.

ही मोड म्हणजे काय, हे समजल्यावाचून पुढचा प्रश्न उमगणार नाही. बँकेच्या खात्यातून आपण हवी तेवढी रक्कम उचलतो. येथे तसे होत नाही. समजा, पूर्वी मला एकदा पाच नाणी मिळाली आणि एकदा तीन, आणि आज सहा द्यावयाची आहेत. वॉलेट या दोन्ही नोंदी पुऱ्या खर्ची घालते. सहा नाणी घेणाऱ्याच्या पत्त्यावर लिहिते आणि उरलेली दोन, शुल्क वजा जाता, माझ्याच एका नव्या पत्त्यावर परत आणते. वहीत एवढेच लिहिले जाते की, अमुक जुन्या नोंदी खर्ची पडल्या आणि अमुक पत्त्यांवर इतके इतके जमा झाले. पाठविणाऱ्याचा पत्ता असा रकाना त्या वहीत नाही. काही ठिकाणी जुन्या नोंदींचे पत्तेच 'पाठविणाऱ्याचे' म्हणून दाखविले जातात. पण तो बघणाऱ्याचा तर्क झाला. रक्कम एखाद्या विनिमय-पेढीतून आली असेल, तर त्या नोंदी अनेक ग्राहकांच्या सामायिक गंगाजळीतील असू शकतात. सद्भावनेने तिकडे परत धाडलेले पैसे मूळ दात्यास मिळतील, याचा भरवसा नाही.

आमच्या देवळांतून दान देण्याच्या दोन रीती आपण पाहतो. भिंतीवरील फलकावर दात्याचे नाव आणि रक्कम दोन्ही कोरलेली असतात. दानपेटीत दोन्ही झाकलेली असतात. बिटकॉइनच्या वहीत रक्कम उघडी आणि नाव मात्र झाकलेले. या झाकण्यामागे पाप आहे असे समजण्याचे कारण नाही. वही सर्वांस खुली असताना एकच पत्ता पुन्हा पुन्हा दिला, तर वाण्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही आपला सारा जमाखर्च वाचू शकेल. मूळ निबंधातही या कारणास्तव प्रत्येक व्यवहारास नवीन किल्ल्यांची जोडी वापरावी असे सुचविले आहे. आपल्या घरातील पैशाचा बोभाटा होऊ नये, ही इच्छा कुलीन गृहस्थाची तशी गरीब विधवेचीही असते.

परंतु प्रत्येक आडोशाची काही किंमत असते. आमच्या जुन्या सावकारीत शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शाहाच्या हातीच द्यावयाची असे. हेतू हा की, पैसा भलत्या हाती गेलाच, तर त्याचा माग लागावा. तेथे व्यवहाराची सुरक्षितता ओळखीच्या माणसात होती. येथे ती किल्लीत आहे. ओळखीची जागा किल्लीने घेतली म्हणजे फसवणुकीच्या काही वाटा बंद होतात. पण चुकलेल्या पैशाची घरी परतण्याची वाटही तिजबरोबरच बंद होते. वहीत पक्की झालेली नोंद कोणासही खोडता येत नाही. मग ज्याच्या हाती दुसऱ्याचे धन चुकून आले, आणि ज्यास देणारा कोण हेही ठाऊक नाही, त्याचे कर्तव्य काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न प्रत्यक्षात उपस्थित झाला. बिटकॉइनमध्ये शुल्काचा वेगळा पत्ता नसतो. खर्ची पडलेल्या आणि पत्त्यांवर जमा केलेल्या रकमांतील फरक हेच शुल्क, आणि वहीचे ते पान लिहिणाऱ्यास ते मिळते. एका व्यवहारात सुमारे दोन हजार डॉलर पाठविताना जवळ जवळ वीस बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे पाच लाख डॉलर, शुल्कापोटी गेले. ते एफटूपूल नावाच्या समूहास मिळाले. पाठविणारा कोण, हे त्या नोंदीवर लिहिलेले नव्हते. समूहाने जाहीर केले की, ही रक्कम तीन दिवस राखून ठेवू. कोणी हक्क सांगितला नाही, तर ती खाणकाम करणाऱ्यांत वाटून देऊ. पुढे पॅक्सोस या कंपनीने चूक आपली असल्याचे सांगितले आणि रक्कम तिला परत मिळाली. मनूची तीन वर्षे आणि या समूहाचे तीन दिवस यांत अंतर मोठे खरे. पण मुदत ठेवावी, दवंडी पिटावी आणि धन्याची वाट पाहावी, हे धर्मशास्त्रातले पाऊल कोणी न शिकविता तेथेही उमटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एक फरक मात्र मूलगामी आहे. मनूच्या काळी जो खूण सांगे तो धनी, कारण ती खूण धन्यावाचून इतरांस ठाऊक नसे. येथे रक्कम, वेळ, पत्ते, सारेच जगास दिसते. म्हणून वर्णन सांगण्याने काहीच सिद्ध होत नाही. खर्ची पडलेल्या नोंदीच्या किल्लीने सही करून दाखविणे, हीच येथली खरी खूण. तेव्हा परत करू इच्छिणाऱ्याने केवळ दयाळू असून भागत नाही, त्यास चौकसही असावे लागते. अन्यथा त्याचा चांगुलपणा एखाद्या तोतयाच्या पथ्यावर पडावयाचा.

यावर एक आक्षेप असा येईल की, या चलनात नियम हाच न्याय आहे. नियमाने मजकडे आले ते माझे. हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण नियम सांगतो तो कोणास खर्च करता येईल एवढेच. कोणाचा हक्क आहे हे तो सांगत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने पूर्वापार चालत आलेल्या भोगाचा अपवाद वगळता भोगापेक्षा आगम श्रेष्ठ मानला आहे. वस्तू हाती असणे हा भोग. ती कोणत्या न्याय्य मार्गाने आली हा आगम. किल्ली भोग देते. आगम देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

मग पाठविणाऱ्याचा पत्ता स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था केली तर? २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियममध्ये खात्यांची पद्धत आहे आणि तेथे पाठविणाऱ्याचा पत्ता दिसतो. परंतु वॉलेटच्या पडद्यावर पुष्कळदा पत्त्याची सुरुवात आणि शेवट एवढाच भाग दाखवितात. याचा लाभ घेऊन भामटे तशाच चेहऱ्याच्या पत्त्यावरून क्षुल्लक व्यवहार करतात आणि तो पत्ता आपल्या जुन्या यादीत येऊन बसतो. मे २०२४ मध्ये अशा यादीतील पत्ता ओळखीचा समजून एकाने सुमारे ६.८ कोटी डॉलरचे धन भलतीकडे पाठविले. निरोपांची देवघेव झाल्यावर चोराने त्यातील बहुतांश परत केले. म्हणजे पत्ता दिसला तरी त्यावरून माणूस ओळखला जातोच असे नाही. परत येण्यास अखेर मनुष्याचा निर्णयच लागला, मग तो भयाने झालेला असो वा अन्य कशाने.

तात्पर्य, येथे दोघांवरही काही ऋण उरते. देणाऱ्याने घेणाऱ्यास नवा पत्ता विचारावा, तो आरंभापासून अखेरपर्यंत पडताळावा, आणि पाठविल्यावर 'मी पाठविले' हे शब्दाने कळवावे; कारण ते वही सांगणार नाही. घेणाऱ्याने अनोळखी रक्कम आली तर ती वेगळी ठेवावी, वाट पाहावी, दवंडी पिटावी, आणि धनी सापडल्यास तर्काने दिसणाऱ्या पत्त्यावर ती न पाठविता त्याच्याकडून परतीचा पत्ता मागून घ्यावा. पाहणारा राजा येथे नाही, दंडही नाही, आणि न दिल्यास बोट दाखविणारे कोणी नाही. म्हणूनच परत देणाऱ्याचे देणे येथे निर्भेळ असते. ज्या वहीने पाठविणाऱ्याचे नाव लिहिले नाही, तिने घेणाऱ्याचेही लिहिलेले नाही. पण त्याने काय केले हे त्याला स्वतःला माहीत असते, आणि धर्माला तेवढा एक साक्षी पुरेसा आहे.