‘मी नाही, माझं पात्र!’

ऑनलाइन रोलप्लेमध्ये मी वैद्यीण असते. गावात साथ पसरलेली, औषध शोधायचंय. आणि कुणाचा तरी सरदार दर मेसेजला माझ्या वैद्यिणीच्या प्रेमात पडतो. मी विषय बदलते, तो आणखी जवळ येतो. हटकलं की उत्तर तयार : ‘अगं, मी नाही, माझं पात्र!’

मला हे पटत नाही. प्रेमकथा खेळण्यात गैर काहीच नाही. दोघांना हवी असेल तर खुशाल खेळावी. पण गोष्टीतला नकार कुणी खरा मानत नाही. नायिकेचं ‘नाही’ म्हणजे पुढच्या प्रकरणाची सोय! आणि पात्र कुणाचंही असो, त्याची प्रत्येक ओळ वाचावी लागते ती मलाच.

टेबलाभोवती बसून रोलप्ले खेळणाऱ्यांकडे यावर साधा उपाय आहे : जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं ‘एक्स-कार्ड’. कुणीही त्या कार्डाला हात लावला की नको असलेला भाग वगळायचा, कारण विचारायचं नाही. इथे नकार थेट खेळाडूचा असतो.

ऑनलाइन खेळात हेच कंसात लिहिता येतं : (हे नको.) पण दर वेळी नकाराचं ओझं एकाच बाजूने का वाहावं? ‘इथे प्रेमप्रकरण चालेल का?’ एवढं आधी विचारायला एकच ओळ लागते. ती सरदाराच्या मागे बसलेल्या माणसाने लिहावी.