बदललेल्या रिव्हॉल्व्हरची ओळख

कोल्टचे १८५१ सालचे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर .३६ कॅलिबरचे, दारू आणि गोळी सिलिंडरमध्ये पुढून ठासावी लागे. धातूची काडतुसे मागून भरायला लागणाऱ्या आरपार छिद्रांच्या सिलिंडरचे रोलिन व्हाइटचे पेटंट १८६९ मध्ये संपले आणि पुढच्या दशकात अशी अनेक हत्यारे धातूच्या .३८ काडतुसांसाठी बदलली गेली. सिलिंडरचा मागचा भाग कापून तिथे चकती बसवली जाई. नळी बहुधा जुनीच राही.

मग हत्यार तेच की दुसरे? वैशेषिक दर्शनाच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली वस्तू, नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. मत तर्कशुद्ध खरे, पण महागात पडणारे: एक स्क्रू बदलला तरी वस्तू नवी! ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन रथाचे उदाहरण देतो: रथ हे चाके, आस वगैरे भागांच्या जुळणीचे नुसते नाव. त्याच न्यायाने ‘रिव्हॉल्व्हर’ हेही भागांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव. तेव्हा ‘तेच का’ हा प्रश्नच ढिला पडतो. ॲरिस्टॉटलच्या अंगाने पाहिले तर प्रयोजन कायम आहे, म्हणून हत्यारही तेच. सांगाड्यावरचा क्रमांक सहसा जुनाच असे. पण त्यावरून वस्तूचा माग लागतो, तिचे तेपण सिद्ध होत नाही. संग्राहक मात्र रूपांतरित नमुन्यांचा वर्ग वेगळाच धरतात.