आयडॉल आणि मेटल : दोन टोकांचा सांधा

जपानी आयडॉल पॉप आणि हेवी मेटल हे दोन्ही प्रवाह १९७० नंतर जपानमध्ये रुजले, पण एकमेकांचे तोंड न पाहता. आयडॉल ही दूरचित्रवाणीची निर्मिती. १९७१ साली सुरू झालेल्या ‘स्टार तांजो!’ या स्पर्धेतून कोवळ्या वयाच्या गायिका घरोघरी पोहोचल्या. गळा पुरता तयार नसला तरी चाले. तो तयार होताना पाहणे हाच प्रेक्षकांचा आनंद होता. मेटलची रीत नेमकी उलट. तिथे आधी वर्षानुवर्षांचा रियाज, मग रंगमंच. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘लाउडनेस’ने १९८५ च्या ‘थंडर इन द ईस्ट’ या अल्बममधून अमेरिकेपर्यंत मजल मारली. एकीकडे गोडवा, दुसरीकडे रोष, अशी ही वाटणी तीसेक वर्षे टिकली.

पहिली जवळीक सजावटीपुरती होती. ‘मेगाडेथ’ या मेटल गटाचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमन २००३ मध्ये जपानला स्थायिक झाला आणि तिथल्या पॉप गायकांना साथ करू लागला. ‘मोमोइरो क्लोव्हर झेड’ या आयडॉल गटाच्या २०१२ मधील एका गाण्यातही त्याची गिटार आहे. पण अशा गाण्यांचा पाया पॉपचाच राहिला.

खरा सांधा जुळला तो २०१० मध्ये. ‘साकुरा गाकुइन’ या शाळेच्या धर्तीवरील आयडॉल गटात निरनिराळे ‘क्लब’ होते. त्यांपैकी ‘जड संगीत क्लब’ म्हणजेच ‘बेबीमेटल’. सुझुका नाकामोतो, युइ मिझुनो आणि मोआ किकुची या तिघींना मेटल म्हणजे काय हे तोवर माहीत नव्हते. निर्माता ‘कोबामेटल’ मात्र त्या संगीतात मुरलेला होता. त्याने मेटल सौम्य केले नाही आणि मुलींना गुरगुरायलाही लावले नाही. दुहेरी बास ड्रमचा मारा पूर्ण वेगाने चालू राहिला आणि त्यावर सुझुकाचा सरळ, स्वच्छ, न कापणारा आवाज उभा राहिला. या प्रयोगाचे सारे मोल इथेच आहे. आशयही आयडॉलचाच राहिला : २०१३ च्या ‘इजिमे, दामे, झेत्ताइ’ या गाण्याचा विषय शाळेतील छळ हा आहे.

जोडीला कोल्हादेवाची कथा आली. गट त्या देवाच्या आज्ञेने गातो अशी ती कल्पना. मेटलच्या श्रोत्यांची शिंगांची खूण बदलली. अंगठा, मधले बोट आणि अनामिका जुळवून कोल्ह्याचे तोंड झाले. गोव्यातील प्रेक्षकाला या मांडणीत परके काही वाटू नये. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर, पेडण्यात आणि सिंधुदुर्गात, रात्रभर रंगणाऱ्या दशावतारात संकासुराचा विधिवत प्रवेश आणि त्यानंतरचे आख्यान एकाच रंगमंचावर येतात. आख्यानातली पदे संगीत नाटकाच्या वळणाची, साथीला पेटी, मृदंग आणि झांज. विधी आणि करमणूक शेजारी उभी राहतात. एकासाठी दुसऱ्याला सैल व्हावे लागत नाही. पेडणे-डिचोलीत चतुर्थीला घुमटाच्या दणदणीत तालावर मराठी आरत्या म्हटल्या जातात, तिथेही भक्तीचा स्वर आणि तालाचा जोर दोन्ही शाबूत राहतात.

मेटलच्या कट्टर श्रोत्यांनी बेबीमेटलला बनावट ठरवले. स्वतः गाणी न लिहिणाऱ्या, कंपनीने एकत्र आणलेल्या मुलींना त्यांच्या परंपरेत जागा नव्हती. हा आक्षेप पोकळ नव्हता, पण तो अपुरा होता. आयडॉलची शिस्तही रियाजच आहे : तासभर न थांबता नाचत सुरात राहणे हे वाद्यावरच्या कसबापेक्षा हलके काम नव्हे. गायिकांच्या मागे ‘कामी बँड’ या साथसंगत गटाचे कसलेले वादक प्रत्यक्ष वाजवू लागले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. २०१४ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या सोनिस्फियर महोत्सवात गटाला मूळच्या लहान मंचावरून मुख्य मंचावर हलवण्यात आले. एप्रिल २०१६ मध्ये वेम्बली अरीनात प्रयोग झाला, तर सप्टेंबरमध्ये टोकियो डोमच्या दोन प्रयोगांना मिळून सुमारे १ लाख १० हजार लोक आले.

यशानंतर कसोटी अधिक कठीण झाली. मुली मोठ्या झाल्या. कोवळेपणावर उभी कल्पना त्यानंतर टिकेल का, हा प्रश्न होता. युइ मिझुनो २०१८ मध्ये बाहेर पडली, मोमोको ओकाझाकी २०२३ मध्ये कायमची सदस्य झाली, आणि सांधा निखळला नाही. तोवर तो तीन मुलींपुरता उरलाच नव्हता. त्याची स्वतंत्र रीत झाली होती.

बेबीमेटलचा भारताशी असलेला संबंधही सजावटीकडून सांध्याकडे गेला. २०१९ च्या ‘मेटल गॅलेक्सी’ अल्बममधील ‘शांती शांती शांती’मध्ये भारतीय सुरावट रंगापुरती आहे. २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ‘बेखौफ’ हे गाणे बेबीमेटलसोबत केले, आणि त्याच वर्षी बेबीमेटलच्या ‘मेटल फोर्थ’ अल्बममधील ‘कोन! कोन!’मध्ये ब्लडीवुड आले. ब्लडीवुडच्या संगीतात ढोल गिटारच्या बरोबरीने वाजतो, त्यामुळे या गाण्यांत कोणी कोणाचा साज राहत नाही.