मीटरआधी डीपी

कोराडी, खापरखेडा आणि मौदा या तीन औष्णिक केंद्रांची क्षमता मिळून साडेपाच हजार मेगावॅटच्या वर जाते, आणि तिन्ही केंद्रे नागपूर जिल्ह्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तेव्हापासून छतावर सौर पॅनेल बसवण्यातही हाच जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान, वर्षातले बहुतेक महिने कडक ऊन आणि उन्हाळ्यात कूलर-एसीने फुगणारे बिल, एवढे जुळून आल्यावर नागपूरकराने आपल्या गच्चीचा हिशेब मांडला नसता तरच नवल. मात्र इथले वीजजाळे बांधले गेले तेव्हा वीज कोराडीकडून घराकडे येणार हे गृहीत होते. घराकडून उलटी डीपीकडे, म्हणजे गल्लीतल्या रोहित्राकडे, जाईल हे कुणाच्या आराखड्यात नव्हते. ही उलटसुलट ये-जा सांभाळणारे जाळे म्हणजे स्मार्ट ग्रिड, असे आपण दहा-पंधरा वर्षे ऐकत आलो आहोत. त्या नावाने झालेल्या आणि होता होता राहिलेल्या प्रयोगांकडे पाहिले की वाटते, हुशारी बसवायला आपण जागाच चुकीची निवडली. वसुली जिथून होते त्या घरातल्या मीटरवर सगळे लक्ष गेले. छतावरच्या विजेचा परिणाम जिथे पहिल्यांदा जाणवतो ती गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली डीपी तशीच आंधळी राहिली.

नागपूरला प्रयोगाची संधी मिळाली नव्हती असे नाही. केंद्राने २०१५ मध्ये राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन मंजूर केले आणि त्याखाली महावितरणचे दोन प्रकल्प घेतले गेले, एक अमरावती शहराचा आणि दुसरा नागपूरच्या काँग्रेसनगर विभागाचा. काँग्रेसनगरचा प्रकल्प सव्वा लाखाच्या आसपास ग्राहकांचा आणि सुमारे १३९ कोटी रुपयांचा होता. शहराचा एक भाग, एकच कंपनी, मोजता येण्याजोगा आवाका: चाचणीसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. तो प्रकल्प प्रत्यक्षात उतरला नाही. त्याआधी देशभरात १४ पथदर्शी प्रकल्प मंजूर झाले होते. त्यांतला महाराष्ट्राच्या वाट्याचा बारामतीचा प्रकल्पही असाच रद्द झाला. प्रकल्प रद्द होण्यात तसे काही वावगे नाही, निविदेचे दर परवडत नाहीत, यंत्रणा जुनी ठरते. खटकते ते हे, की रद्द झालेल्या प्रकल्पाने मागे काय शिकवण ठेवली हे सामान्य वाचकाला कुठेच वाचायला मिळत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात २००८ साली असाच गाजावाजा करून स्मार्ट ग्रिड उभारायला घेतले होते. दीड कोटी डॉलरचा अंदाज चार कोटींच्या पुढे गेला आणि नियामक आयोगाने त्यातला काही भाग ग्राहकांकडून वसूल करायला नकार दिला. बोल्डर फसले, पण कसे फसले ते आयोगासमोरच्या कागदपत्रांत आहे. आपल्याकडे प्रकल्प फसतो तेव्हा त्याची फाइल बंद होते.

नागपूरने नकळत आणखी एक प्रयोग करून पाहिला होता. मे २०११ पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग एसएनडीएल या फ्रँचायझीकडे होते आणि काँग्रेसनगर महावितरणकडेच राहिले. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, दोन व्यवस्थापने शेजारी शेजारी चालली. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँचायझीने हात वर केले आणि तिन्ही विभाग महावितरणकडे परतले. या आठ वर्षांचे भांडवल भाषणांत भरपूर झाले. तारा, रोहित्रे, गळती आणि तक्रारी यांची दोन्ही बाजूंची शांत तुलना त्या मानाने फार कमी झाली.

लहान चाचणी हुकली आणि आपण थेट मोठ्या अंमलबजावणीवर उडी मारली. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यभरासाठी सव्वादोन कोटींच्या आसपास प्रीपेड स्मार्ट मीटरची कंत्राटे दिली गेली, मीटरमागे खर्च बारा हजारांच्या घरात. २०२४ च्या उन्हाळ्यात नागपूरसह राज्यभर विरोध पेटला आणि जूनमध्ये सरकारला जाहीर करावे लागले की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत. पुढे तेच मीटर पोस्टपेड आणि टीओडी (वेळेनुसार दर) या नावांनी आले. विरोधकांचे सगळे आक्षेप खरे होते असे मी म्हणणार नाही. मीटर पळतो, बिल दुप्पट येते, या तक्रारींतल्या काही जुन्या मंद मीटरमुळे, काही उन्हाळ्यामुळे आणि काही खरोखरच सदोष नोंदीमुळे असू शकतात. पण त्यांतल्या किती कशामुळे, हे सांगणारा स्थानिक पुरावा कंपनीकडेही नव्हता आणि विरोधकांकडेही. काँग्रेसनगरात जुना आणि नवा मीटर वर्षभर शेजारी शेजारी चालवून दोन्हींच्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या असत्या, तर २०२४ चा वाद निदान जमिनीवर उभा राहून झाला असता. दुरून चालणाऱ्या यंत्रणेबद्दलची भीती निव्वळ अज्ञानातून येते असेही नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात एका चुकीच्या आदेशाने दीड लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज गेली होती. मीटर सांगितले तेवढेच करत होते. चूक आदेश देणारी यंत्रणा आणि मीटर यांच्या सांध्यात होती, आणि असे सांधे प्रयोगशाळेच्या टेबलावर तपासता येत नाहीत.

आता डीपीकडे येऊ. समजा गल्लीतली डीपी २०० केव्हीएची आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नियमांत एका रोहित्रावर जोडता येणाऱ्या छतावरच्या संचांची एकूण क्षमता रोहित्राच्या ४० टक्क्यांपर्यंत होती, २०१९ च्या नियमांत ती ७० टक्क्यांवर गेली. म्हणजे या डीपीवर १४० किलोवॅट, तीन किलोवॅटची सेहेचाळीस घरे. कागदावर सगळे नियमात. पण यातले बहुतेक संच सिंगल फेजचे असतात आणि कोणत्या घराची जोडणी कोणत्या फेजवर आहे हे बरेचदा त्या भागातल्या जुन्या लाइनमनलाच माहीत असते. सेहेचाळीसपैकी पंचवीस घरे योगायोगाने एकाच फेजवर निघाली तर बेरीज नियमात राहते आणि ती एक फेज मात्र काठावर येते. त्यात ऋतूची भर पडते. नागपूर म्हटले की वीज खात्याला मे महिना आठवतो, पण सौर विजेच्या दृष्टीने अवघड महिना मे नाही, फेब्रुवारी आहे. आकाश निरभ्र, पॅनेल थंड असल्याने उत्पादन जोमदार; पंखे-कूलर बंद, माणसे कामावर, मुले शाळेत. दुपारी एक वाजता गल्लीत वीज घेणारे फ्रिजशिवाय फारसे कुणी नसते आणि सगळ्या गच्च्या वीज ढकलत असतात. शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज चढू लागते. मे महिन्यात शेवटच्या घरापर्यंत संध्याकाळी पुरेसा दाब पोहोचावा म्हणून डीपीचा दाब ठरवणारा टॅप वर करून ठेवलेला असला, तर ते आणखी चढते. हा टॅप बदलायचा तर डीपी बंद करावी लागते, त्यामुळे तो ऋतूगणिक कुणी बदलत बसत नाही. २०१३ च्या केंद्रीय नियमांनुसार व्होल्टेज दहा टक्क्यांनी वर, म्हणजे २५३ च्या पुढे गेले की इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यायचे असते. तो तोडून घेतो, थोड्या वेळाने परत जुळतो, पुन्हा तुटतो. घरमालकाला मोबाइलवर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दिसते, तो व्हेंडरला फोन करतो, व्हेंडर महावितरणकडे बोट दाखवतो, आणि एखादा चलाख तंत्रज्ञ सेटिंगमध्ये जाऊन मर्यादाच वाढवून देतो. फ्रिज-टीव्हीला मग तो वाढलेला दाब सोसावा लागतो. या सगळ्यात बुडालेली वीज कोणत्याच मीटरवर दिसत नाही, कारण मीटर झालेली देवाणघेवाण मोजतो. ट्रिप झाल्यामुळे तयारच न झालेल्या युनिटची नोंद त्यात कुठून येणार?

ही सेटिंगची गोष्ट किरकोळ वाटेल, पण जगातल्या प्रयोगांचा एक महागडा धडा तोच आहे. जर्मनीत छतावरचे इन्व्हर्टर वारंवारता ५०.२ हर्ट्झवर गेली की एकदम बंद व्हावेत अशा बेताने बसवले होते. संच थोडे होते तोवर हा नियम सुरक्षेचा होता. लाखो झाल्यावर लक्षात आले की एका क्षणी हे सगळे मिळून बंद पडले तर जाळेच कोसळेल. २०१२ मध्ये खास आदेश काढून तीन लाखांहून अधिक संच नव्याने जुळवावे लागले आणि खर्च शेवटी ग्राहकांच्या बिलात गेला. हवाईत २०१५ च्या सुरुवातीला सुमारे आठ लाख मायक्रोइन्व्हर्टरांच्या सेटिंग दुरून, इंटरनेटवरून बदलल्या गेल्या. तिथे यंत्रे आधीपासून जोडलेली होती म्हणून ते स्वस्तात जमले. आपल्या २०१३ च्या नियमांत हीच रेषा ५०.५ हर्ट्झवर आहे आणि तुटण्याची मुदत ०.२ सेकंद. आज ही रेषा लांब वाटते. पण ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि वारंवारता ५०.२६ पर्यंत गेली होती. त्या रात्री भार प्रेषण केंद्रांनी जलविद्युत संच आधीच हाताशी ठेवले होते आणि नंतर आकड्यांसकट अहवालही प्रसिद्ध केला. पूर्वतयारी, घटना, नोंद, प्रसिद्धी असा पूर्ण क्रम पार पडलेली ही आपल्याकडची दुर्मीळ चाचणी, आणि तिचे निमित्त तांत्रिक नव्हतेच. वेळ रात्रीची होती, सौर वीज शून्य होती. दुपारी काय झाले असते, याचा अंदाज कुठल्या छतावर कोणती सेटिंग आहे हे ठाऊक असल्याशिवाय बांधता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की रोहित्रांवरही मीटर बसत आहेतच, केंद्राच्या आरडीएसएस या वितरण-सुधारणा योजनेत ते आहे. आहे, आणि ते चांगलेच आहे. पण त्या मीटरकडून अपेक्षा आहे ती ऊर्जा लेखापरीक्षणाची: डीपीतून किती युनिट गेली, बिलात किती आली, मधली गळती किती. हा वसुलीचा प्रश्न झाला. तोच मीटर फेजनिहाय व्होल्टेज आणि उलटा प्रवाह दर पंधरा मिनिटांनी सांगू शकतो. प्रश्न तो आकडा कुणी पाहतो का, हा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. महावितरणची मागणी आता २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते, त्यात घरांवरची सौर वीज किती? एवढ्यासाठी चाचण्यांचा घोळ कशाला? राज्याच्या पातळीवर हे बरोबर आहे. पण व्होल्टेज राज्याचे नसते, गल्लीचे असते. राज्याची सरासरी शांत असताना एखाद्या वसाहतीतली डीपी रोज दुपारी त्रासात असू शकते, आणि सूर्यघर योजना अशा वसाहती वाढवतच नेणार आहे. तिसरा आक्षेप असा की वीज कंपनी म्हणजे संशोधन संस्था नव्हे. खरे आहे, पण व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था त्याच शहरात आहे, महापारेषणचे अंबाझरीचे क्षेत्रीय भार प्रेषण केंद्रही तिथेच आहे. चार-पाच डीपी एक वर्ष नीट मोजायला नवी संस्था लागत नाही. कुणाचे तरी नाव त्या कामावर लिहिलेले असावे लागते.

दरांच्या बाबतीतही हेच. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. दुपारी सूर्य फुकट वीज देतो तर वापर दुपारी सरकवा, हा विचार तर्कशुद्ध आहे. पण नागपूरच्या घरातला कूलर दुपारी चालतो तसाच रात्री दोनलाही चालतो, तो सरकवता येत नाही. सरकवता येते ते वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, गिझर, आणि तेही दुपारी घरी कुणी असेल तर. निवृत्त जोडप्याला आणि घरून काम करणाऱ्याला ही सवलत आपोआप मिळेल, दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घराला जवळपास नाहीच. अशी सवलत वागणूक बदलते की आधीच घरी असणाऱ्यांना बक्षीस देते, हे दोनशे-चारशे घरांच्या तुलनेतून एका उन्हाळ्यात कळू शकते. नेट मीटरिंगचा वादही याच प्रकारचा आहे. दुपारी दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटाशी सरळ वळते करणे कंपनीला परवडत नाही, असे कंपनीच्या बाजूने म्हटले जाते. छतवाल्यांमुळे तारेतली गळती वाचते, असे छतवाले म्हणतात. दोघांचेही काही अंशी खरे असेल. मात्र ते गल्लीगणिक वेगळे असेल, आणि एका सरसकट दराने ते मिटणार नाही.

वीज नियामक आयोगाकडे यासाठी अधिकारांची कमतरता नाही. पुढच्या दरप्रस्तावासोबत प्रत्येक परिमंडळातल्या काही निवडक डीपींच्या वर्षभराच्या फेजनिहाय नोंदी, त्यांवरच्या इन्व्हर्टरांच्या सेटिंग आणि ट्रिपच्या तक्रारी जोडाव्यात, एवढी अट आयोग घालू शकतो. नागपूर परिमंडळासाठी त्यात फेब्रुवारीतला एक आठवडा आणि मे महिन्यातला एक आठवडा वेगळा दाखवायला सांगावा. मग सुनावणीला उभा राहणारा ग्राहक प्रतिनिधी आणि समोरचा कंपनीचा अभियंता यांच्यात भांडण होईलच, ते व्हावेही. निदान दोघांच्या हातात एकच कागद असेल.